ही इशारा पातळी समजा

आमच्या बोळात इंटरनेट पुरवणारी कंपनी, तिचा या भागातला फ्रँचायझी आणि फोन केला की ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच सांगणारं तिचं ऑफिस, या तिघांना हा जाहीर इशारा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या एका बोळात तुमची 19 कनेक्शनं आहेत. या 19 घरांनी तालमीत बसून एकमतानं ठरवलं आहे की 31 मे, संध्याकाळी 6 ही शेवटची मुदत. त्यानंतर आमच्याकडून विनंती होणार नाही, फोन येणार नाही आणि तुम्ही दिलेली पुढची तारीखही आम्ही ऐकून घेणार नाही.

तुमचं पहिलं उत्तर आम्हाला पाठ आहे, की दोष तुमच्या घरातला आहे. म्हणून आधी आम्ही आमचीच घरं तपासली. दोन आठवडे, रोज तीन वेळा, वहीत वेळ घालून. दोन घरांत दोष खरोखर घरातला निघाला आणि तो आम्ही मान्य करतो. एका घरी राउटर लोखंडी कपाटाच्या मागं ठेवला होता. जुन्या घराची दोन फुटी भिंत, त्यात पुढं पत्र्याचं कपाट, तिथून पाच गिगाहर्ट्‌झचा वायफाय पलीकडच्या खोलीत पोचणारच नाही. दुसऱ्या घरी भिंतीतून बॉक्सला येणारी बारीक पिवळी वायर दाराच्या बिजागरीत चेपली होती. फायबर म्हणजे काचेचा केसाएवढा धागा. तो मुडपला की आतला प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. राउटर उघड्यावर आणला, वायर मोकळी केली, आणि ती दोन घरं तक्रारीतून वगळली. उरली 17.

या 17 घरांत आम्ही वायफाय पूर्ण बंद केला आणि लॅपटॉप लॅन केबलनं थेट बॉक्सला जोडला. राउटरपर्यंत पिंग लावला, तर एक मिलिसेकंद, आणि एकही पॅकेट हरवत नाही. राउटरच्या पुढं, तुमच्या गेटवेला आणि त्याच्याही पलीकडं पिंग लावला, तर रात्री 9 ते 11 या वेळेत शंभरातली वीस-पंचवीस पॅकेट्स परतच येत नाहीत. दुपारी 3 वाजता तोच लॅपटॉप, तीच केबल, तोच बॉक्स, आणि सगळी पॅकेट्स परत. यात आमच्या भिंतींचा, राउटरचा किंवा मुलांच्या मोबाईलचा दोष कुठं आहे ते दाखवून द्या. फायबरच्या एका पोर्टवरून सुमारे अडीच गिगाबिट उतरतं आणि ते बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलं जातं. एकोणीस घरांच्या बोळाला ते पुरून उरतं. अडतंय ते पुढं, तुमच्या नोडमधून बाहेर जाणाऱ्या लाईनवर. तिथं जेवढी क्षमता घेतली आहे तिच्यापेक्षा कितीतरी जास्त घरं तुम्ही तिच्यावर बसवली आहेत, आणि पैसे मात्र प्रत्येक घराकडून पूर्ण प्लॅनचे घेता आहात.

हा झाला एक दोष. दुसरा दोष आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

एप्रिलच्या शेवटी वळवाची एक सर आली. अर्ध्या तासात बोळातल्या सहा घरांच्या बॉक्सवर लाल लाईट लुकलुकायला लागला. त्या सहांतल्या एका घरातली मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. तिची रात्रपाळी नुकतीच सुरू झाली होती. ती मोबाईलच्या नेटवर कशीबशी टिकून राहिली आणि आम्ही तिघं टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो. तुमची केबल कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावरून येते, तीन गच्च्यांच्या कठड्यांवरून लोंबकळत पुढं जाते. तिसऱ्या गच्चीवर, पाण्याच्या पाइपला सुतळीनं बांधलेला तुमचा जॉइंट होता. त्याला ना बंद पेटी होती ना रबरी सील. गोकुळच्या दुधाची रिकामी पिशवी घालून वर काळी टेप गुंडाळली होती. पिशवीच्या तळाला बोटभर पाणी साठलं होतं आणि आत मुंग्यांनी घर केलं होतं. त्या पाण्यात सहा घरांचा जॉइंट बुडालेला होता.

त्या रात्री बॉक्सच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहिली. उणे 29 डीबीएम. कोरड्या दिवसांत याच घरांत ती उणे 24 असते. आकडा पाचाचाच वाटतो, पण या मोजणीत तीन डेसिबल गेले की प्रकाश निम्मा होतो. पाच गेले म्हणजे तिसरा हिस्सा उरला. घरोघरी बसवले जाणारे हे बॉक्स साधारण उणे 27 पर्यंत तग धरतात, त्याच्या खाली लाल लाईट. सहाही घरांचे फोटो, वेळेसकट, आमच्याकडं आहेत. तक्रार केली तेव्हा ऑफिसनं काय सांगितलं? राउटर बंद करून चालू करा. चौथ्या दिवशी तुमचा लाईनवरचा मुलगा आला. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की जॉइंट नव्यानं करायला लागणारं स्प्लायसिंग मशीन या सगळ्या भागाला एकच आहे आणि ते इचलकरंजीला गेलं आहे. त्यानं जुन्या टेपवर नवी टेप लावली आणि तो गेला. पुढच्या वळवाला पुन्हा तेच.

आता मुदत मृगाच्या आधीची का, ते नीट ऐका. वळवाच्या एका सरीत जो जॉइंट बुडतो तो जुलैच्या संततधारेत एक दिवस टिकणार नाही. आणि जुलै-ऑगस्ट या शहरात काय असतात हे 2019 आणि 2021 नंतर कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. दोन्ही वर्षी पंचगंगेचं पाणी धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. अशा रात्री घराघरात एकच काम चालू असतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, हे दर तासाला बघायचं आणि नदीकाठच्या गल्ल्यांतल्या नातेवाईकांना कळवायचं. आमच्या बोळातल्या तिघांची मुलं परदेशात आहेत. घरी एकटी म्हातारी माणसं. पुराच्या रात्री लाल लाईट लागला तर त्या माणसांच्या जिवाचं काय होतं ते आम्ही बघितलं आहे, आणि ते पुन्हा बघायची आमची तयारी नाही.

बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी. मधे चार फूट असतात. शहाणा माणूस त्या चार फुटांत सामान माळ्यावर चढवतो. हे पत्र 39 फूट समजा.

तुम्हाला कायदा माहीत नाही असं आम्ही मानत नाही. पण आम्हाला तो माहीत नाही असं तुम्ही धरून चालला आहात, म्हणून लिहितो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. तुमच्या बाजूचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते, पोस्टपेड असो वा प्रीपेड. आम्ही कुणी मागितली नाही म्हणून आजवर तुम्ही दिली नाही. तक्रारीला डॉकेट नंबर देणं आणि तिच्यावर वरच्या पातळीला अपील ऐकणं हे 2012 पासूनचं बंधन आहे. तुमचं ऑफिस नंबर देत नाही, ‘लिहून घेतलंय’ म्हणतं. आजपासून नंबर मिळेपर्यंत आमच्यातला कुणीही फोन ठेवणार नाही.

आणि टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, हे तुमच्या माणसानं आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना तोंडावर सांगितलं. ते 2009 च्या एका निकालाच्या आधारावर सांगितलं जायचं. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं आहे की टेलिकॉम सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगाकडं करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात अर्जाला फी लागत नाही. 17 घरांचे 17 अर्ज तयार आहेत. वहीच्या प्रती, पिंगचे फोटो, त्या दुधाच्या पिशवीचा फोटो, सगळं जोडलेलं आहे. 1 जूनला ते दाखल होतील.

एवढ्याशा बोळाचं काय ऐकायचं, असं वाटत असेल तर या शहराचा इतिहास बघा. टोल द्यायचा नाही म्हटल्यावर इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं रस्ता सोडला नाही. एन. डी. पाटील सरांनी उतारवयात मोर्चाच्या पुढं उभं राहून तो लढा चालवला आणि टोल गेला. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षं मागणी लावून धरली, ऑगस्ट 2025 मध्ये ते सुरू झालं. त्याच पावसाळ्यात नांदणीच्या मठातून नेलेली माधुरी हत्तीण परत यावी म्हणून या जिल्ह्यातल्या माणसांनी आपले मोबाईल नंबर दुसऱ्या कंपनीकडं वळवले. तुमच्या ब्रॉडबँडला तर नंबर पोर्ट करायचीही गरज नाही. पिवळी वायर काढली की संपलं. दुसऱ्या दोन पुरवठादारांची माणसं बोळ बघून, मोजमाप करून गेली आहेत.

आमच्या मागण्या अशा. तिन्ही गच्च्यांवरचे जॉइंट नव्यानं स्प्लाइस करून पाणी न शिरणाऱ्या बंद पेटीत घाला आणि ती पेटी भिंतीला ठोका, सुतळीनं बांधू नका. खांब ते गच्ची ही केबल ताणून वर घ्या. गणपतीत मूर्ती न्यायला पोरं ती बांबूनं उचलतात आणि दर वर्षी त्या हिसक्यानं जॉइंट सुटतो. काम झाल्यावर प्रत्येक घरात प्रकाशाची पातळी मोजून सही करून लिहून द्या. रात्री 9 ते 11 मध्ये आमच्यासमोर लॅनवर स्पीड दाखवा, दुपारी नको. आणि एप्रिल-मेमधल्या बंद दिवसांची भरपाई खात्यावर जमा करा. यातली एकही गोष्ट आम्ही जास्तीची मागितलेली नाही.

हा इशारा बोळातल्या आपल्या माणसांनाही आहे. लाईनवर येणाऱ्या मुलाला कुणी शिवी द्यायची नाही, त्याची गाडी अडवायची नाही. तो पावसात, भर उन्हात, विजेच्या खांबावर शिडी लावून चढतो. त्याला हेल्मेट नाही, पट्टा नाही. त्याच्यामुळं मशीन इचलकरंजीत अडकलेलं नाही. त्याला पाणी विचारा, शिडी धरा. कंपनीची केबल कुणी तोडायची नाही, दुसऱ्या कंपनीच्या केबलला तर हातही लावायचा नाही. असं करताना जो सापडेल त्याच्या बाजूनं तालीम उभी राहणार नाही. आणि ऑफिसमधून एकेकाला फोन येतील, ‘तुमचं करून देतो, महिनाभर फुकट देतो, बाकीच्यांचं सोडा’ म्हणतील. ज्याला ते घ्यायचं असेल त्यानं आत्ताच वहीतून नाव काढून घ्यावं. 1 जूनला मागं फिरणारा नको.

31 मेला संध्याकाळी 6 वाजता तालमीच्या कट्ट्यावर आम्ही जमतो आहोत. काम पूर्ण झालेलं असेल तर तुमच्या माणसानं सह्यांचे कागद घेऊन यावं. नसेल, तर डिपॉझिट परत करण्याची लेखी हमी आणि 19 पोचपावत्या घेऊन यावं. ज्या दोन घरांचा दोष घरात निघाला होता तीही सोबत आहेत. 19 बॉक्स, त्यांच्या ॲडॉप्टरसह, वर घर नंबरच्या चिठ्ठ्या लावून कट्ट्यावर मांडलेले असतील.