हौसेचे विमान आणि देखभालीचे मोल

दारी हत्ती बांधणे वेगळे आणि तो पोसणे वेगळे. अमेरिकेत जुने, चार आसनांचे सेस्ना १७२ विमान हौसेने विकत घेणाऱ्याला याचा प्रत्यय लवकरच येतो. खासगी विमानाची दर १२ महिन्यांनी अधिकृत निरीक्षकाकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावीच लागते. मग ते वर्षात १० तास उडालेले असो वा २००. तीत आढळलेल्या दोषांच्या दुरुस्तीचा खर्च निराळाच. उड्डाणे कमी करूनही काटकसर साधत नाही, कारण दीर्घकाळ उभ्या विमानाचे इंजिन आतून गंजू लागते.

खरी कसोटी पुढेच आहे. या विमानांवरील अनेक लायकमिंग इंजिनांची संपूर्ण फेरदुरुस्ती २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी करावी, असे उत्पादक सांगतात. केवळ स्वतःसाठी विमान उडविणाऱ्यावर कायदा तशी सक्ती करीत नाही. विमान उड्डाणयोग्य राखण्याची मुख्य जबाबदारी मात्र त्याच्याच शिरावर ठेवतो. येथे हिशेब पैशाचा न राहता विवेकाचा होतो. शहाणा मालक प्रत्येक उड्डाणतासामागे इंजिनासाठी रक्कम बाजूला काढतो. ज्याला हे परवडत नाही, त्याला विमानही परवडत नाही. कारण त्या काटकसरीची किंमत शेजारच्या आसनावर विश्वासाने बसलेल्यालाही मोजावी लागू शकते.