दहावा आठवडा

रायपूरला पोस्टिंग आली तेव्हा आई फोनवर एवढंच म्हणाली, "पुरानी बस्तीत नाना आहे, जाऊन ये." नानामामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. भोसल्यांच्या काळात नागपूरकडून आलेली जी मराठी घराणी इथं रुजली, त्यांतलं हे एक. महामाया मंदिराजवळच्या गल्लीत घर. पहिल्याच रविवारी पोहे-जलेबी पुढ्यात आली आणि बोलता बोलता मामांनी रिपोर्ट काढला. साखर काठावर, वजन ब्याऐंशी, वय अठ्ठावन्न. "डॉक्टर म्हणून राहिला की चाला. तू फौजी, तूच सांग."

मी सांगितलं. नवशिक्यांसाठीचा नऊ आठवड्यांचा धावण्याचा कार्यक्रम, 'काउच टू फाइव्ह के' नावाने जगभर प्रसिद्ध आहे तो. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने 1996 मध्ये तो बनवला. आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट धावा, दीड मिनिट चाला, असं हळूहळू वाढवत सलग अर्ध्या तासापर्यंत. कल्पना इतकी साधी आहे की आपल्या एखाद्या पीटी उस्तादाला ती का सुचली नाही याचंच आश्चर्य वाटतं. (कारण उघड आहे. उस्ताद पहिल्या दिवशी सगळ्यांनाच पळवतो.)

नोव्हेंबरच्या थंडीत मामा बूढा तालाबाभोवती निघाले. मधल्या बेटावर विवेकानंदांचा पुतळा, कडेने मॉर्निंग वॉकची गर्दी, आणि त्यात मफलर बांधून, घड्याळ बघत धावणारे मामा. जानेवारीत नववा आठवडा संपला. सलग तीस मिनिटं! घरी पेढे वाटले गेले. आणि मग दहावा आठवडा आला, ज्याचा तक्त्यात रकानाच नसतो.

त्या रिकाम्या रकान्यात मी लिहिलं, "मामा, आता एकवीस."

या लेखात मला ज्याच्याशी भांडायचं आहे तो हा शब्द आहे. एकवीस. पाच किलोमीटर झालं की पुढे काय, असं कुणालाही विचारा. ठरलेलं उत्तर येतं: दहा, मग हाफ मॅरेथॉन, मग फुल. जणू हा शाळेचा इयत्तांचा जिना आहे आणि पाचवीत राहिलेला तो नापास. पाच किलोमीटर म्हणजे फक्त तयारी, ही समजूत आपल्या डोक्यात कुणी घातली? पाच हजार मीटर ही 1912 पासून ऑलिंपिकमधली स्वतंत्र शर्यत आहे. आपल्या बीड जिल्ह्यातला मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा जवान, याने 2022 मध्ये पाच हजार मीटरचा तीस वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला तेव्हा वेळ होती 13 मिनिटं 25.65 सेकंद. त्याला कुणी म्हणालं नाही, "ठीक आहे, पण एकवीस कधी?" (तेही तो आधीच, 2020 मध्ये दिल्लीत, एका तासात आणि वर तीस सेकंदांत धावून बसला होता. तो मुद्दा वेगळा.) आणि साबळे सैन्यात आला तो धावपटू म्हणून नव्हे. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंग करून मग तो क्रॉस कंट्रीकडे वळला. पायाखाली काही वर्षं होती.

वर्षं म्हणतोय, आठवडे नव्हे. दम लवकर सुधारतो. दोन महिन्यांत हृदय आणि फुप्फुसं इतकी तयार होतात की माणसाला वाटतं आपण काहीही करू शकतो. स्नायूही पाठोपाठ येतात. पण स्नायुबंध आणि हाडं फार सावकाश चालतात. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. या कामाला महिने लागतात, आणि मधल्या काळात ते हाड काही दिवस पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमका त्याच काळात माणूस सर्वांत उत्साहात असतो. धोका तिथेच आहे.

फौजेला हे माहीत नाही असं नाही. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब मार्च करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद केली. ते मोडलेलं हाड आहे हे पुढे एक्स-रे आल्यावर कळलं. 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव आपल्याच धंद्याने जगाला दिलं आहे. प्रत्येक ट्रेनिंग सेंटरमध्ये दर बॅचला दोन-चार पोरं एमआय रूमच्या बाकावर पाय धरून बसलेली दिसतात. मी स्वतः खडकवासल्याला क्रॉस कंट्रीच्या सीझनमध्ये नडगी दाबत धावलोय, कारण स्क्वॉड्रनचे पॉइंट होते. अठराव्या वर्षी निभावलं. त्यातून मी चुकीचा धडा घेतला, की दुखणं म्हणजे प्रगती.

तोच धडा मी मामांना दिला. सहा आठवड्यांत पाचाचे चौदा किलोमीटर केले. फेब्रुवारीत ते म्हणाले, "नडगीत एका जागी ठणकून राहिलंय." मी म्हणालो, "मामा, चालायचंच." त्यांनी ऐकलं, कारण भाच्याच्या खांद्यावर स्टार आहेत. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, बहुतेक वेळा दिसत नाहीच. एमआरआयमध्ये दिसलं. स्ट्रेस फ्रॅक्चर. आठ आठवडे धावणं बंद. मामी मला काही बोलल्या नाहीत. चहा मात्र पुढ्यात जरा जोरात ठेवला.

आता कुणी म्हणेल, साहेब, लक्ष्य नसेल तर माणूस धावणं सोडतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. नऊ आठवडे माणूस टिकतो तो तक्त्यामुळे. तक्ता संपला की बूट कपाटात. आपल्याकडे वेगळं काय होतं? बीपीईटीची तारीख लागली की महिनाभर सगळे धावतात, टेस्ट झाली की पुढच्या तारखेपर्यंत शांतता. आणि निवृत्त बांधवांनो, राग मानू नका, पण पेन्शनच्या पहिल्या महिन्यात पीटी बंद करणारे आणि पाच वर्षांनी एकदम पंचविशीतलं टायमिंग गाठायला निघणारे आपल्यातच जास्त आहेत. मेसमध्ये मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत, गुडघ्यांसकट.

पण लक्ष्य म्हणजे अंतरच का? तुम्ही-मी वीस-वीस वर्षं सकाळी उठलो ते मेडलसाठी नाही. फॉल-इन होतं म्हणून उठलो. वार ठरलेला, वेळ ठरलेली, शेजारी कोण उभा राहणार तेही ठरलेलं. इंग्लंडमध्ये 2004 मध्ये एका बागेत तेरा जण पाच किलोमीटर धावले आणि दर शनिवारी धावत राहिले. त्याचीच पुढे 'पार्करन' झाली आणि अनेक देशांत पसरली. अंतर आजही पाचच आहे. कुणाला सहा करावंसं वाटलं नाही.

म्हणून दहाव्या आठवड्यात काय करायचं, तर तेच. तीन दिवस, अर्धा तास, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगाने. निदान तीन महिने. अर्ध्या तासाचे तीन दिवस म्हणजे नव्वद मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 75 मिनिटांचा जोरकस व्यायाम पुरेसा मानते, म्हणजे कोटा भरून वर शिल्लक आहे. उरलेल्या दिवसांतले दोन बैठका, टाचा उचलणं, पायऱ्या यांना द्या. हा भाग सगळे टाळतात, आणि पन्नाशीनंतर गुडघा त्यावरच उभा असतो. तीन महिन्यांनी वाटलं तर एक दिवस दहा मिनिटं जास्त, किंवा शेवटी वीस-वीस सेकंद जरा जोरात. एका वेळी एकच गोष्ट. एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं हाड दुखलं तर थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं. एकवीसचा विचार वर्षभराने करा. नाही केलात तरी काही बिघडत नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. रायपूरचा उन्हाळा म्हणजे सहा वाजताच ऊन बोचतं, त्यामुळे आम्ही पाचला तालाबावर असतो. सोमवार, गुरुवार, शनिवार. पहिला आठवडा पुन्हा पहिल्यापासून: एक मिनिट धावा, दीड मिनिट चाला. घड्याळ मामांकडे असतं, शिट्टीही त्यांनीच आणली आहे. गेल्या शनिवारी मी पाच मिनिटं उशिरा पोचलो तर ते निघून गेले होते. मामीही बरोबर होत्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घालून.