विश्लेषण : एआरएम बोर्डांनाही आता ‘सातबारा’! यू-बूटमधील बदलाने काय साधणार?

कर्जत-खालापुरात जमीन घ्यायची तर आधी सातबारा पाहतात. मालक कोण, क्षेत्र किती, बोजा आहे का, हे त्यावरून कळते. संगणक सुरू होतानाही असाच उतारा लागतो. मेमरी किती, प्रोसेसरचे कोअर किती, कोणता भाग कुठल्या पत्त्यावर, हे ऑपरेटिंग सिस्टीमला कोणीतरी सांगावे लागते. एआरएम चिपच्या बोर्डांवर हा उतारा ‘एसीपीआय’ तक्त्यांच्या रूपात देण्याची सोय ‘यू-बूट’ या बूटलोडरमध्ये 2024 पासून येऊ लागली आहे.

बूटलोडर काय करतो?

बटण दाबल्यावर सुरुवातीलाच चालणाऱ्या प्रोग्रॅमपैकी हा एक. तो मेमरी जागी करतो, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तिच्यात आणून ठेवतो आणि बाजूला होतो. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला यू-बूट खुला आणि मोफत आहे. घरातल्या अनेक वायफाय राउटरमध्ये तोच असतो.

मग आजवर अडले कुठे?

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने 1996 मध्ये एसीपीआय आणले. तक्ते मशीनच्याच फर्मवेअरमध्ये असल्याने विंडोज किंवा लिनक्सची एकच प्रत कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चढते. एआरएमकडे ही शिस्त नव्हती. प्रत्येक बोर्डाची माहिती थेट लिनक्सच्या कोडमध्ये घुसडली जाई. 2011 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यावर जाहीरपणे भडकले. मग ‘डिव्हाइस ट्री’ रुळले : प्रत्येक बोर्डाचे वर्णन करणारी वेगळी फाइल.

तोडगा चांगला होता, पण ही फाइल बहुधा कर्नलसोबतच फिरते. म्हणजे उतारा तलाठ्याच्या दप्तरात नाही, खरेदीदाराच्या पिशवीत! कंपनीने स्वतःच्या जुन्या कर्नलपुरतीच फाइल दिली आणि पुढे लक्ष काढून घेतले, तर धडधाकट बोर्डही नव्या लिनक्सवर चालवणे जिकिरीचे होते.

नवे काय?

एसीपीआयने 2014 मध्ये 64-बिट एआरएमला जागा दिली आणि 2015 च्या लिनक्स 4.1 ने ती स्वीकारली. पण यू-बूटमध्ये ही सोय इंटेल जातीच्या चिपपुरतीच होती. आता रास्पबेरी पाय 4 आणि ‘क्यूईएमयू’मधील आभासी सर्व्हर बोर्ड यांच्यासाठी यू-बूट सुरू होतानाच कोअर, टायमर, सीरियल पोर्ट यांचे तक्ते मेमरीत मांडतो आणि त्यांचा पत्ता कर्नलला देतो. गंमत म्हणजे, पूर्ण डिव्हाइस ट्री आणि तक्ते दोन्ही दिले तर एआरएमवरचा लिनक्स सहसा डिव्हाइस ट्रीच वाचतो. तक्ते वाच, असे त्याला मुद्दाम सांगावे लागते.

उताऱ्यात चूक असेल तर?

खरी मेख इथे आहे. सातबाऱ्यावर चुकीची नोंद चढली की दुरुस्तीसाठी किती हेलपाटे पडतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बंद फर्मवेअरमधला तक्ता चुकला तर तो मुळातून दुरुस्त करणे कंपनीच्याच हाती राहते. शिवाय एसीपीआय तक्त्यांत छोटे प्रोग्रॅमही असतात आणि ते कर्नलच्या आत चालतात. डिव्हाइस ट्रीच्या समर्थकांचा आक्षेप म्हणूनच रास्त आहे. यू-बूटमध्ये मात्र तक्ते बनवणारा कोड सर्वांसमोर आहे, चूक कोणालाही शोधता आणि सुधारता येते. आमच्या मते या बदलाचा मोठा लाभ हाच. अर्थात कंपनीने डिजिटल सहीचे कुलूप लावून बूटलोडर बदलूच दिला नाही, तर हा खुलेपणा कागदावरच.

महाराष्ट्राशी संबंध काय?

घाटापलीकडे पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ‘औम’ हा 96 कोअरचा एआरएम प्रोसेसर विकसित करत आहे. अशा सर्व्हर चिपवर बाजारातले कोणतेही लिनक्स थेट चढावे, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. एआरएमच्या सर्व्हर नियमावलीतही त्यासाठी एसीपीआय आहे. तिथे हे काम टाळता येणार नाही. राजनाला कालव्याची पाणीपातळी मोजणारा एखादा छोटा बोर्ड बनवायचा असेल, तर मात्र डिव्हाइस ट्री पुरेसे आहे. त्यासाठी तक्ते लिहिण्याची आणि तपासण्याची मेहनत घेण्यात अर्थ नाही.