एडवणकर म्हणजे नेमके कोण?

बोईसरला खोली बघायला गेलो होतो. मालकांनी भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. मग हसत विचारलं, "एडवणकर म्हणजे नेमके कोण?"

"एडवणचे."

"ते कळलं हो. पण मूळचे?"

हा 'मूळचे' मला आता लांबूनच ओळखू येतो. त्याला गाव नको असतं, जात हवी असते.

त्या रात्री मोबाइलवर आडनावांचं मूळ सांगणारी एक साइट उघडली. माझं आडनाव 'दुर्मीळ' निघालं, सोबत माणसांचा आकडाही होता. हा आकडा आला कुठून? अमेरिकेच्या जनगणना खात्याने 2000 आणि 2010 साली किमान 100 माणसांची असलेली आडनावं मोजून यादी काढली. आपली जनगणना अशी यादी काढत नाही. त्यात इंग्रजीत मी 'व्ही' लिहितो, माझा चुलतभाऊ 'डब्ल्यू'. साइटच्या हिशेबात आम्ही दोन वेगळी घराणी!

बरं, मूळ शोधायला साइट कशाला हवी? एडवण हे पालघर तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव, आशापुरी देवीचं. सफाळ्याला उतरायचं आणि एसटी पकडायची. गावात मला कुणीही एडवणकर म्हणत नाही. तिथे सगळेच एडवणचे, मग त्या नावाने ओळख कशी पटणार? तिथे मी आजोबांच्या नावाने ओळखला जातो. आडनाव कामाला येतं ते गाव सोडल्यावर. इंग्लंडमध्येही हेच. डरहॅमकडच्या वॉशिंग्टन गावावरून पडलेलं आडनाव पुढे थेट अमेरिकेच्या राजधानीला लागलं. 'कर' एवढंच सांगतो की हा माणूस कुठून आला.

आणि तेवढंच सांगावं, म्हणून तर कित्येकांनी तो लावला. दीनानाथांनी वडिलांचं आडनाव न लावता मंगेशी गावावरून मंगेशकर लावलं. सकपाळांच्या भीमरावाचं नाव वडिलांनी शाळेत घातलं ते मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून, आंबडवेकर असं. त्याचंच पुढे आंबेडकर झालं. गावाच्या नावामागे जात चटकन दिसत नाही. 'मूळचे कोण?' विचारणारा नेमका तोच आडोसा काढून घ्यायला बघतो.

"अरे, सहज विचारलं, उत्सुकता म्हणून," असं म्हणतात. उत्सुकता असती तर पुढचा प्रश्न गावाबद्दल आला असता. सफाळ्याहून एसटी किती वाजता सुटते, देऊळ समुद्रापासून किती लांब आहे, असं काहीतरी. आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मी तरी कुठे धुतल्या तांदळाचा? कॉलेजच्या पहिल्या दिवशी हजेरीपटावरची आडनावं वाचत मीही मनात खाने पाडत होतो. राऊत, पाटील, चौधरी ही आडनावं किती जातींत आहेत, हे ठाऊक असूनही. तुम्हीही एव्हाना माझ्याबद्दल काहीतरी अंदाज बांधला असेल. तो बरोबर की चूक, हे मी सांगणार नाही.

घरमालकांनाही सांगितलं नाही. "घरच्यांना विचारून कळवतो," म्हणाले. अजून फोन आलेला नाही.

खोली शोधतोच आहे. पुढच्या दारातही तोच प्रश्न येईल आणि मी पुन्हा "एडवणचे" एवढंच म्हणेन.