डोस माझा, मग मला विचारा!

तीन वर्षं थायरॉईडची गोळी घेत होते, तरी थकवा जाईना. डॉक्टर म्हणत, "बाई, फार विचार करता." आणि डोस वाढवत. ५० मायक्रोग्रॅमचे ७५, मग १००. गोळी कधी, कशाबरोबर घेता, हे मात्र कुणी विचारलं नाही. घरच्यांच्या डब्यांच्या धांदलीत मी ती चहाच्या घोटाबरोबर गिळत होते. वर लगेच लोहाची गोळी! ही गोळी उपाशीपोटी, चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. लोह, कॅल्शियम चार तासांनी, हे खूप उशिरा कळलं. तसं करू लागले, तर वाढवलेला डोसच जास्त झाला. छाती धडधडू लागली. जास्त डोसाने हाडंही ठिसूळ होतात.

हे अज्ञान माझं की न विचारणाऱ्यांचं? बाईची तक्रार 'मनाची' ठरवली की प्रश्न विचारायचे कष्ट वाचतात!

मैत्रिणींनो, डोस आपल्या मनाने बदलू नका, पण गप्पही बसू नका. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून मागा. दिवस राहिले तर लगेच सांगा, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो. रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा. शरीर आपलं आहे, हिशेबही आपणच मागायचा.