सोनोग्राफी झाली, पण कळले काय?



आज जरा बायकांचा विषय, पण पुरुषांनीही वाचावा.

मनमाड काय किंवा नाशिक काय, सोनोग्राफी केंद्रात पाटी असतेच, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'. पाटी हवीच. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आल्या. तेव्हा या कायद्यात ढिलाई नको, हे माझे ठाम मत.

पण यात एक गोष्ट मागे पडली. सोनोग्राफी म्हणजे 'मुलगा की मुलगी' एवढेच लोकांच्या डोक्यात बसले. ती खरी कशासाठी, हे कोणी सांगतच नाही. भाचसून तपासून आली, तिला विचारले, "काय काय पाहिले गं?" म्हणाली, "आत्या, नॉर्मल आहे म्हणाले." नंबर लवकर लागला म्हणून ती खूशही होती. फॉर्मवर सही केली होती, "मला लिंग जाणून घ्यायचे नाही" अशी. बाकी काही ठाऊक नव्हते.

याला समाधान म्हणायचे का? मी तरी म्हणणार नाही. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा नीट पाहण्याची तपासणी १८ ते २० आठवड्यांत होते. रक्ताच्या काही चाचण्या त्याही आधी, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. आणि 'नॉर्मल' म्हणजे सगळेच दोष दिसले असते असेही नव्हे. हृदयाचा दोष आधी कळला तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करता येते. आपल्याकडून ऐनवेळी नाशिक गाठायचे म्हणजे काय, हे मनमाडकरांना सांगायला नको.

उशीर किती महागात पडतो ते २००८ साली दिसले. बाळाच्या हृदयात गंभीर दोष निघाला म्हणून मुंबईचे एक दांपत्य डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात गेले. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची, दिवस त्यापुढे गेलेले. परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. पुढे काय करायचे ते त्या बाईने ठरवावे. पण ठरवायला आधी कळायला तर हवे!

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. त्या दिवशी गर्दी असते, मान्य. डॉक्टरांना वेळ नसेल तर सिस्टरने पाच मिनिटे द्यावीत: काय पाहिले, काय दिसत नाही, पुढे कधी यायचे. लिंग सांगायला कायद्याची बंदी आहे, बाकीचे सांगायला नाही.

आणि सासवांनो, सुनेबरोबर जाल तेव्हा हे तीन प्रश्न तुम्हीच विचारा. चौथा विचारू नका.

तुमच्याकडे काय अनुभव, जरूर कळवा.