पिसाचा कलता मनोरा

शाळेंत गुरुत्वमध्याचा पाठ घेतांना इटलींतील पिसा येथील कलत्या मनोऱ्याचें चित्र मी वर्षानुवर्षें फळ्यावर काढीत आलों. "गुरुजी, तो पडत कां नाहीं?" या प्रश्नास माझें उत्तर ठरलेलें असे : गुरुत्वमध्यांतून सोडलेला ओळंबा पायाच्या आंत पडतो, म्हणून. उत्तर खोटें नव्हतें, पण अर्धेंच होतें, हें सेवानिवृत्तीनंतरच्या वाचनांत ध्यानीं आलें आणि मन खजील झालें.

मनोरा कलला तो दगडांमुळें नव्हे, भूमीमुळें. सुमारें ५६ मीटर उंच व साडेचौदा हजार टन वजनाच्या या घंटाघराचा पाया जेमतेम तीन मीटर खोल, आणि त्याखालीं मऊ चिकणमाती. ११७३ मध्यें आरंभिलेलें काम तिसऱ्या मजल्यावर थांबलें, तें जवळजवळ शंभर वर्षें. पिसाकर लढायांत गुंतले होते. ही दिरंगाईच फळली! तेवढ्या अवधींत वजनाखालीं माती दबून घट्ट झाली. काम अखंड चालतें, तर मनोरा तेव्हांच कोसळता, असें तज्ज्ञांचें मत आहे. १२७२ नंतरच्या गवंड्यांनीं वरचे मजले उलट दिशेस सावरून घेतले. म्हणून तो नुसता कललेला नाहीं, किंचित् वांकलेलाही आहे.

खरी आपत्ति आली ती हितचिंतकांकडून. रुतलेला पाया लोकांस दिसावा म्हणून १८३८ मध्यें भोंवतीं चर खणला. त्यांत पाणी शिरलें व कल वाढला. १९३४ मध्यें पायांत भोकें पाडून सिमेंट भरलें. कल पुन्हां वाढला. घरांतील वृद्धाच्या दुखण्यावर जो तो आपापला काढा आणतो, त्यांतलाच हा प्रकार.

१९८९ मध्यें पाविया येथील जुना मनोरा कोसळून चार माणसें दगावलीं, तेव्हां पुढच्याच वर्षीं पिसाचा मनोरा लोकांस बंद झाला. अखेरीस जो उपाय लागू पडला, तो ऐकावयास विलक्षण वाटेल. मनोरा दक्षिणेस कललेला. तज्ज्ञांनीं उत्तरेकडील पायाखालची माती थोडथोडी काढली. मनोरा आपल्याच भारानें मागें सरला, सुमारें अर्धा अंश. आणि तेथेंच त्यांनीं हात आंखडला. सरळ करणें हा हेतूच नव्हता. अलंकारशास्त्रांत दोषही प्रसंगीं गुण ठरतो, तें येथें दगडांत दिसतें. २००१ च्या डिसेंबरांत लोक पुन्हां पायऱ्या चढूं लागले.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असल्यास, त्यानें माझ्या त्या उत्तरापुढें 'आणि माती' एवढे दोन शब्द लिहून घ्यावे.